एक शेवटची वाटी

दि. ४ फेब्रुवारी

चि. निळाबाईस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कागदाच्या कोपऱ्यावर निळं बोट उमटलंय, म्हणजे रंगखान्यातून उठून थेट लिहायला बसलीस. वीस वर्षं सूत रंगवतेस, पण हात धुऊन पत्र लिहायला काही शिकली नाहीस. तुझी वहिनी म्हणते, सही नसती तरी पत्र कोणाचं ते कळलं असतं.

इकडे सर्व क्षेम. येत्या सोळा मार्चला दुकानाला पन्नास वर्षं पुरी होतात. बाबांनी एक खुर्ची, एक आरसा आणि मित्राचा उसना वस्तरा एवढ्यावर सुरू केलेलं दुकान. आता तीन खुर्च्या आहेत, त्यातली मधली अजून बाबांचीच. फक्त गादी बदलली. रविवारच आहे, तेव्हा सकाळी जुन्या गिऱ्हाइकांना बोलावलंय. चहा-बिस्किटं आणि सगळ्यांचा मिळून एक फोटो, एवढाच बेत. फोटो मोठा करून आरशांच्या वर लावायचा. तू ये म्हणून आग्रह केला असता, पण मार्चमध्ये तुमच्या पिंपांपुढून तुला कोणी हलू देत नाही हे ठाऊक आहे.

मागच्या आठवड्यात कलप लावला तेव्हा डोळे जरासे सुजले होते. साबण बदलला होता, तोच बाधला असणार. डॉक्टरांना काय, कारण मिळालं की व्याख्यान. आता ठणठणीत आहे.

भाऊजींना नमस्कार. पत्र लवकर टाक, आणि आधी हात धू.

तुझा,
दादा

*

दि. ६ फेब्रुवारी

सौ. वन्संना,
स. न. वि. वि.

पत्र यांना न सांगता लिहिते आहे. यांनी तुम्हाला काय कळवलं ते मला वाचून दाखवलं, म्हणून राहवेना. साबण बदललेला नाही. आपल्या घरात दहा वर्षं एकच साबण आहे.

कलप लावला त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी यांचे दोन्ही डोळे मिटले होते. उघडेनातच. कपाळ फुगून भुवया खाली आलेल्या, कानामागून पाणी वाहत होतं, आणि श्वास घेताना छातीत शिट्टी वाजत होती. रिक्षात बसवताना मी हात धरला, तर कोण आहे ते यांना आवाजावरून ओळखावं लागलं. दवाखान्यात दोन दिवस ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की, काळ्या कलपातलं औषध यांच्या अंगाला आता चालत नाही, आणि हे दर खेपेला वाढत जातं. पुढच्या वेळी घसा बंद झाला तर दवाखान्यापर्यंतही पोचता येणार नाही.

हे यांनीही ऐकलंय. तरी पंधरा मार्चला संध्याकाळी परत लावणार आहेत. म्हणतात, फोटोपुरती एक शेवटची वाटी कालवतो, मग कायमचं बंद. मी रडले, भांडले, एक दिवस बोलले नाही. बोलले नाही तर यांनी शांतपणे दोन वेळा जेवून घेतलं. तुमचं मात्र ऐकतात. धाकटी असलात तरी तुम्ही रागावलात की हे दोन दिवस गप्प असतात, ते मी पाहिलंय.

भाऊजींना नमस्कार सांगा. माझं नाव सांगू नका. तुमची माया अशीच पाठीशी असू द्या.

आपली,
वहिनी

*

दि. ११ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हात धुऊन लिहिते आहे, नीट बघ.

तुझे डोळे किती सुजले, किती दिवस दवाखान्यात होतास आणि छातीत काय वाजत होतं, ते सगळं मला कळलंय. कोणी सांगितलं ते शोधत बसू नकोस. त्या घरात तुझ्याशिवाय एकच माणूस राहतं, आणि त्या माणसाला तू बोललास तर गाठ माझ्याशी आहे.

दादा, तुला काय वेड लागलंय का? साठीला आलेला माणूस फोटोसाठी जीव टांगणीला लावतो? फोनवर बोलणार होते, पण फोनवर तू हो हो म्हणतोस आणि गिऱ्हाईक आलं म्हणून ठेवून देतोस. पत्राला तसं करता येत नाही. चार वेळा वाच.

नुसतं रागवून भागणार नाही हेही मला कळतं. तुला काळेच केस हवेत ना? मग काळ्या रंगाला तो डबाच कशाला लागतो? माझं अख्खं आयुष्य झाडपाल्याच्या रंगात गेलं. आम्ही सुताला आधी तांबडं देतो, त्यावर नीळ चढवतो, आणि दोन्ही मिळून असं काळं निघतं की उन्हात वाळत घातलं तरी वर्षभर फिकं पडत नाही. केसांना पहिला हात मेंदीचा, दुसरा निळीचा. डोक्यावर जळत नाही, झोंबत नाही. मी सगळं सामान पाठवते. तू फक्त ती वाटी कालवणार नाहीस असा शब्द दे.

वहिनीला नमस्कार. आणि तिच्याशी भांडू नकोस, हे दुसऱ्यांदा सांगते.

तुझी,
निळा

*

दि. १७ फेब्रुवारी

चि. निळाबाईस,
अ. आ.

घरभेदी कोण ते कळलं. बोललो नाही. तिनेच आपणहून कबूल केलं, आणि वर मलाच दोन शब्द सुनावले. तुम्ही दोघी एक झालात की माझं काही चालत नाही, हे लग्नाच्या दिवसापासून चालू आहे.

आता माझं ऐक. तू सूत रंगवतेस. ते सूत तुझ्याकडे बघत नाही. माझ्या समोरचा माणूस अर्धा तास आरशात स्वतःकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघतो. बाबा म्हणायचे, आपल्या धंद्यात आपलं डोकं हीच पाटी. त्यांनी मरायच्या आधल्या महिन्यापर्यंत कलप लावला होता. माझ्याकडे दरमहा कलपाची म्हणून येणारी अकरा गिऱ्हाइकं आहेत. काही बाबांच्या वेळची. त्यांना मी पांढऱ्या डोक्यानं काय सांगू? तुम्ही लावा, मला मात्र चालत नाही? रस्त्यापलीकडे काचेच्या दाराचं नवं दुकान झालंय. तिथले कारागीर पंचविशीचे, केस आपोआप काळे. दुकानाच्या पन्नासाव्या वर्षी माझाच कारभार पांढरा पडला तर लोक म्हणतील, म्हातारा संपला, चला समोर.

मी घाबरलो नाही असं समजू नकोस. डोळे मिटलेले होते ते दोन दिवस मी न बघता, नुसत्या हातांच्या अंदाजानं कात्री चालवता येईल का याचा विचार करत होतो. येत नाही. पण एक दिवस मिरवायचा आहे, मग सोडतो. माणूस एवढंही मागू शकत नाही का?

शब्द देत नाही. पण तुझं सामान पाठव. लावून बघतो. काळं झालं तर तुझी जीत. नाही झालं तर पंधरा तारखेला मी वाटी कालवणार, आणि मग तू एक अक्षर बोलायचं नाहीस. दुकान माझं, डोकं माझं.

राग आला असेल तर भाऊजींवर काढ, त्यांना सवय आहे.

तुझा,
दादा

*

दि. २४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

अट मान्य. पुडकं सोबत पाठवते आहे. हिरव्या पुडीत मेंदीचा पाला आहे, घरीच वाळवून दळलाय. निळ्या डबीत नीळ आहे, आणि ही साधीसुधी नव्हे. आमच्या कोठीतली सगळ्यात वरच्या प्रतीची वडी मी स्वतः खलात घोटली, इतकी की दोन बोटांत धरली तर पावडर जाणवतसुद्धा नाही. मालकीणबाई अशी वडी फक्त परदेशी मालाला काढतात. मी माझ्या भावासाठी म्हणून मागून घेतली.

मेंदी रात्री लोखंडी कढईत भिजव, सकाळी डोक्याला थापून चार तास ठेव. चार तास म्हणजे चार तास, तुझ्या कलपासारखी अर्ध्या तासात धुऊन बसू नकोस. नुसत्या पाण्यानं धू. केस लालभडक दिसतील, घाबरू नकोस, तो पाया आहे. त्यावर दुसऱ्या दिवशी नीळ कोमट पाण्यात कालवून दोन तास. दोन्ही गोष्टी आधी कोपराच्या आत थोड्याशा लावून दोन दिवस वाट बघ. डॉक्टरीणबाईंनाही विचार. नऊ मार्चपर्यंत उरक, म्हणजे हाताशी आठवडा राहील.

वहिनीच्या हातून लावून घे. तुला स्वतःच्या डोक्याची मागची बाजू दिसत नाही, आणि तिला तुझं डोकं धरायची कधीची इच्छा आहे.

तुझी,
निळा

*

दि. ९ मार्च

चि. निळाबाईस,

आशीर्वाद देतो, पण दात-ओठ खाऊन.

सगळं तू लिहिलंस तस्संच केलं. कोपराला लावून बघितलं, डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या हो म्हणाल्या. काल मेंदी. चार तास डोक्यावर शेणाचा पो बसवल्यासारखा मी खिडकीशी बसून होतो. खाज नाही, आग नाही, हे मात्र खरं. कलपाचे केस दवाखान्यातून आल्यावर मुळाशी कापले होते, नवे आले ते सगळे पांढरे, तेव्हा धुतल्यावर डोकं गाजरासारखं झालं. वहिनी तोंडाला पदर लावून आत गेली ती बराच वेळ आली नाही. मी म्हटलं, पाया आहे, पाया आहे.

आज तुझी वरच्या प्रतीची नीळ लावली. दोन नाही, तीन तास ठेवली. धुतली तर सगळी वाहून गेली. मोरी निळी, टॉवेल निळा, उशीचा अभ्रा निळा, माझे दोन्ही कान निळे, तुझ्या वहिनीचे हात तर हुबेहूब तुझ्यासारखे. आणि केस? गाजर ते गाजरच. वरून हात फिरवला की बोटाला निळं लागतं, एवढीच काय ती कमाई. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

उद्या दुकान बंद असतं, पण मंगळवारी मी टोपी घालून केस कापायला उभा राहणार आहे. तुझी बाजी संपली. पंधराला संध्याकाळी वाटी कालवतो. डबा दुकानात कुलपात ठेवलाय, म्हणजे घरभेद्याचा हात पोचायला नको. ठरलं होतं तसं आता एक अक्षर लिहू नकोस.

तुझा,
दादा

*

दि. ११ मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

एक अक्षर नाही, सगळी बाराखडी लिहिते आहे.

चूक माझी आहे, झाडाची नाही. तुझं पत्र वाचून मी रडकुंडीला आले आणि तसंच ते आमच्या थोरल्या रंगारीणबाईंना वाचून दाखवलं. त्या आधी पोट धरून हसल्या, मग मला म्हणाल्या की, वीस वर्षं काय केलंस? वडी म्हणजे पाल्यातून काढून वाळवलेला तयार रंग. तो पाण्यात विरघळतच नाही. पिंपात दिवसेंदिवस आंबवल्याशिवाय सूतसुद्धा त्याला धरत नाही, आणि मी तो सरळ तुझ्या केसांना लावायला सांगितला. केसांना लागतो तो निळीचा वाळवलेला पाला. साधा, हिरवा, कोणी ढुंकून बघणार नाही असा. भावासाठी उत्तमातलं उत्तम काढायला गेले आणि नेमकं निरुपयोगी पाठवलं. माझ्या हुशारीची हौस फिटली.

आजच पाला पाठवते आहे. कालवला की पाव तासाच्या आत लावायचा, नाहीतर त्याचाही जोर जातो. टपालवाला म्हणतो शनिवारपर्यंत पोचेल, पण खात्री देत नाही.

आणि न पोचला तर? दादा, तर गाजरासारखा उभा राहा. मी अट मान्य केली होती, आता मोडते. खोटारडी म्हण. आई गेली, बाबा गेले, मला माहेर म्हणून पत्र टाकायला तूच उरलास. मला तू काळा बघायचा नाहीस, जिवंत बघायचा आहेस. यापुढे समजूत घालायला माझ्याकडे काही नाही.

वहिनीजवळ राहा.

तुझी,
निळा

*

दि. १८ मार्च

चि. निळाबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पहिल्यांदा तुला हवी ती बातमी. मी कलप लावला नाही. आता बाकीचं सांगतो. हे पत्र घाईत वाचू नकोस.

शनिवारी संध्याकाळपर्यंत तुझा पाला आला नाही. दुकानात शेवटचं गिऱ्हाईक गणिताचे मास्तर. ते आपल्या शाळेतले नव्हेत, बाजारामागच्या शाळेतून निवृत्त झाले, एकटेच राहतात. बाबांच्या वेळेपासून येतात. त्यांना फोटोसाठी मिशी काळी करून हवी होती. मी म्हटलं, बरंच झालं, एकच वाटी कालवतो, अर्धी तुम्हाला, अर्धी मला. वाटी कालवली. त्यांना खुर्चीत बसवलं, गळ्याला कापड बांधलं आणि गरम होत होतं म्हणून टोपी काढून ठेवली.

मास्तरांनी आरशात माझं डोकं बघितलं. हसले नाहीत. हे काय म्हणून विचारलं. मी थट्टेनं सांगायला लागलो, तुझी वडी, निळे कान, सगळं. सांगता सांगता डोळे मिटले होते तेही सांगितलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या तेही. का कोण जाणे, आजवर घराबाहेर कोणाला बोललो नव्हतो. बोलत होतो आणि ब्रश वाटीत बुडवत होतो.

मी ब्रश ओठाजवळ नेला तर मास्तरांनी माझं मनगट धरलं. मग खाली बघत म्हणाले की, त्यांचा ओठ दर महिन्याला सुजतो. नऊ वर्षं झाली. माझ्याकडे यायच्या आदल्या दिवशी ते गोळी घेतात आणि लावल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सूज चढली की तीन दिवस बाहेर पडत नाहीत. पाणीसुद्धा चमच्यानं पितात. एकदा डॉक्टरनं रागावून कलप बंद करायला सांगितलं, तर यांनी डॉक्टर बदलला.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "तू इतक्या मायेनं लावतोस रे. तुला वाईट वाटलं असतं."

निळे, त्या नऊ वर्षांतला प्रत्येक महिना माझ्या हातचा आहे. मी ब्रश टाकून दिला आणि सरळ खाली बसलो, बाबांच्या खुर्चीच्या पायाशी. मास्तरच मला धीर देत होते. वाटी त्यांनीच उचलून मोरीत ओतली, मला ते सुचतही नव्हतं.

रात्री वहिनीला सांगितलं. ती शेजारी येऊन बसली.

रविवारी सगळे आले. टोपी घातली नाही. पहिल्यांदा हशा झाला, कोणी गाजर म्हणालं, कोणी मला शेकोटी म्हणालं. मास्तर पांढऱ्या मिशीनं आले होते. फोटोच्या आधी मी कलपवाल्या एकेकाला दाराशी बाजूला घेतलं आणि विचारलं की, माझ्या कलपानं तुम्हाला काही होतं का, खरं सांगा. तीस-तीस वर्षं ज्यांच्या मानेवरून वस्तरा फिरवला त्यांना हा साधा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. मास्तर धरून अकरापैकी चौघांनी हो म्हटलं. एकाचं डोकं आठ-आठ दिवस चिघळतं. एक जण रात्री हातात मोजे घालून झोपतो, झोपेत खाजवू नये म्हणून. चौथे तर आपले पाववाले काका, त्यांच्या कानामागची कातडी मी दर महिन्याला बघत होतो आणि भट्टीच्या उष्णतेनं होतंय असं त्यांना मीच समजावत होतो. आजवर मला न सांगण्याचं कारण चौघांनीही एकच सांगितलं, मास्तरांनी सांगितलं तेच.

मला एकदा सूज आली तर दोन घरांनी आकाशपाताळ एक केलं. तू तर अटही मोडलीस. या चौघांसाठी कोणी पत्र लिहिलं नाही, कारण बोलायचं कोणाशी, तर माझ्याशी, आणि लावणाराही मीच. त्या दिवसापासून हे डोक्यातून जात नाही. उरलेल्या सात जणांनाही डॉक्टरीणबाईंकडे एकदा दाखवून या म्हटलंय, तोवर कलप बंद. दोघं रागावून समोरच्या दुकानात गेले. जाऊ देत.

तुझा पाला काल सकाळी पोचला. वहिनी कढई काढायला निघाली होती, मी थांबवलं. मास्तरांच्या आणि काकांच्या कोपराला मेंदी आणि पाला दोन्ही थोडे थोडे लावून दिलेत. उद्या बघायचं. बाकी दोघांच्या जखमा आधी भरू देत. ज्यांना मानवेल त्यांना मी स्वतः लावणार, मेंदीचे चार तास तर चार तास, शेजारी बसून दर थोड्या वेळानं जळतंय का म्हणून विचारत. नाही मानवलं तर पांढरे केस नीट कापून देईन, तेही मला येतं.

म्हणून निळे, एक काम कर. तू पाठवलेली पुडी एका डोक्याची आहे, ती त्यांना लागेल. अजून तिघांची पाठव. माझ्यासाठी नको. मी सध्या आहे असाच बरा आहे.

वहिनीचा तुला आशीर्वाद, भाऊजींना आमचा दोघांचा नमस्कार. तुझा जीव माझ्यावर आहे तसाच असू दे, फक्त यापुढे माझं काही टोचलं-खुपलं तर तेव्हाच सांगत जा.

तुझा,
दादा